पुढची सीट

उतार लागला की आमचा शेजारी गाडी बंद करतो. "आपोआप जाऊन राह्यली, मंग पेट्रोल कशाला जाळायचं?" एसी तर तो लावतच न्हाई. वाटूर फाट्यावर काच खाली करून "जालना, जालना" ओरडतो, मागं चौघं कोंबतो आणि पेट्रोलचा खर्चा काढतो. मी रोज पुढच्या सीटवर फुकट बसतो आणि ऑफिसात त्याच्या कंजूषपणाच्या नकला करतो.

काल मागच्या म्हातारीनं भाड्याच्या चुरगळलेल्या नोटा माझ्या हातात दिल्या. "डायवरला द्या, बाबा. तुमचं दिलं का?"

माझा हात उगाचच खिशाकडं गेला. रस्त्यावरची नजर न हलवता तोच बोलला, "सरांचं कव्हाच पोचलं, मावशी."

तिच्या नोटा अजून माझ्याच मुठीत होत्या.