दगड हळू ठेवणारे अण्णा

कुणी दगड उचलला की तालमीतले सगळे वर बघत. अण्णा खाली बघत.

चामराजपेटेतल्या त्यांच्या तालमीत एक गोल, गुळगुळीत, काळा दगड होता. कन्नडमध्ये त्याला गुंडू म्हणतात. धरायला कुठे कंगोरा नाही. मिठी मारून तो छातीशी आणायचा, मग खांद्यावर घ्यायचा आणि परत मातीवर ठेवायचा. दगड खांद्यावर गेला की पोरं ओरडत, शिट्ट्या मारत. अण्णा मात्र मातीकडे नजर लावून थांबत. दगड धपकन आदळला तर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

"पाडलास! उचलणं कुणीही बघतंय रे. ठेवणं बघ. हळू ठेवता येईना म्हणजे ताकद मघाशीच संपलेली. साकु! घरी जा, रागीमुद्दा खा, झोप. उद्या इकडं दिसलास तर तंगडी मोडीन."

साकु म्हणजे पुरे. त्यांच्या तालमीत या शब्दानंतर कुणी बोटही हलवत नसे.

त्यांचं नाव गणोजीराव. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं, त्यामुळे घरात मराठी आणि त्या मराठीत अर्धं कन्नड. आमच्या कारखान्यात ते माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. संध्याकाळी कारखान्याच्या वजन उचलणाऱ्या संघाला तेच तयार करत. त्या कामाचं त्यांना पद नव्हतं आणि कागदावर कुठे नावही नव्हतं.

मी निपाणीकडच्या एका गावातून आलो होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. पन्नासचं दशक संपत आलं होतं. कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांनी, ते पुण्याकडचे, "आपला मुलगा आहे" म्हणून मला तपासणी विभागात लावून घेतलं होतं. त्यांचे उपकार मी देवासमोर रोज आठवत असे. हे आधी सांगतो, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ इथे आहे.

तालमीत पहिल्या दिवशी मी खिशात टेप घेऊन गेलो होतो. दंड किती, छाती किती, त्यावरून ताकद किती हे काढावं, असा माझा विचार होता. अण्णांनी टेप हिसकावून कोपऱ्यात भिरकावली.

"ए बीएस्सी, सदरा शिवायचाय का कुणाचा? दंडाचं माप घेऊन ताकद कळते होय? दंड फुगलेले माझ्या टोळीत चार आहेत. पोतं उचलायला सांगितलं की चौघांना लघवी लागते."

सगळे हसले. मला राग आला आणि त्या रागातच मी काटा केला. क्रेनला टांगायचा मोठा तबकडीचा काटा भांडारात पडून होता. तो मी लोखंडी पाटाला साखळीने जोडला आणि वर आडवा दांडा लावला. पाटावर उभं राहून, गुडघे वाकवून, दांडा सगळ्या ताकदीनिशी वर ओढायचा. तबकडीवर पौंड दिसत. मला वाटलं होतं अण्णा हाही भिरकावतील. ते मात्र लहान मुलासारखे त्याच्याभोवती उकिडवे बसले, साखळी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "सरी, बरोबर आहे. हा खोटं बोलणार नाही. पण याला काय विचारायचं ते मी सांगणार."

त्यांचा नियम पक्का होता. पंधरा दिवसांतून एकदा, रविवारच्या विश्रांतीनंतरच्या सोमवारी. तीनच ओढी. आधी "काल किती झोपलास? काय खाल्लंस?" हे विचारायचं. आकडा गेल्या वेळेपेक्षा खाली आला तर मेहनत वाढवायची नाही, कमी करायची. मी पुस्तकी डोक्याने म्हटलं, "अण्णा, आकडा घसरला म्हणजे जास्त सराव हवा ना?"

"अय्यो, बैल दमून बसला की तू त्याला आणखी दोन कोस पळवणार? ताकद मेहनतीत येत नाही रे. मेहनतीत जाते. येते ती झोपेत. काटा ताकद देत नाही, विचारतो. रोज रोज विचारलंस तर विचारण्यातच संपेल."

माझ्या वहीतले आकडे त्यांचंच खरं करत होते. आठवडाभर कसून मेहनत झाली की खाली, विश्रांती मिळाली की पहिल्यापेक्षा थोडे वर. मी थक्क झालो होतो. चौथीत शाळा सोडलेला हा माणूस मला माझी वही वाचायला शिकवत होता.

संघातला सगळ्यात चांगला गडी चिन्नप्पा. फोर्ज शॉपमध्ये हंगामी कामगार. राज्याच्या संघात निवड झाली तर कायम करू, असा साहेबांनी त्याला शब्द दिला होता. घरी म्हातारी आई, दोन बहिणी. अण्णांनी दोन वर्षं त्याला घडवला होता. निवड चाचणीला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांनी त्याला वजनाला हात लावायची बंदी केली. "आता साठवायचं. काय कमवायचं ते कमवून झालं."

त्याच आठवड्यात दिल्लीचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. साहेबांना माझा काटा दाखवायचा होता आणि त्यावर चिन्नप्पा. अण्णांनी तोंडावर नाही म्हटलं. पाहुण्यांच्या दिवशी अण्णांना सकाळीच के. आर. पुरमच्या मालधक्क्यावर पाठवण्यात आलं आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "एकच ओढ. तुमच्या यंत्राचं नाव होईल. चिन्नप्पाला तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल."

मी सांगितलं. चिन्नप्पा म्हणाला, "अण्णा बेडा म्हणाले आहेत, सार. नको म्हणाले आहेत." मी म्हणालो, "साहेब खूश झाले तर तुझंच भलं आहे."

पहिली ओढ, चारशे वीस. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण उशिरा आला, त्याच्यासाठी दुसरी. फोटोवाल्यासाठी तिसरी. साहेब म्हणाले, "आणखी जोर आहे त्याच्यात, बघा तुम्ही!" चारशे पाच. तीनशे नव्वद. तीनशे सत्तर. मी तबकडीजवळ बसून सुवाच्य अक्षरात लिहीत होतो. सातव्या ओढीला चिन्नप्पाच्या कमरेतून काहीतरी गेलं. दांडा हातातून सुटून पाटावर आदळला आणि तो गुडघ्यांवर बसला. नुसतं पाणी आलं डोळ्यांतून.

दुपारी अण्णा परतले. दवाखान्यातून थेट माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, मारतील. त्यांनी हात पुढे केला. "कागद."

मी दिला. त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. सातही.

"आकडा खाली येत होता. तुला दिसत होता. त्या सुटवाल्यांना नव्हतं कळत. तुला कळत होतं. मी शिकवलं होतं तुला." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "एक शब्द होता रे, बीएस्सी. साकु. तेवढा बोलायला तुझ्या तोंडात काय कोंबलं होतं?"

कोंबले होते ते उपकार.

साहेबांनी अहवालात लिहिलं की चिन्नप्पाची कंबर तालमीतल्या अडाणी मेहनतीने आधीच दुखावलेली होती. मला बोलावून म्हणाले, "तो कागद माझ्याकडे द्या. तुम्ही नवीन आहात." अण्णांनी तो मला परत दिला होता. म्हणाले होते, "तुझं अक्षर आहे, तूच ठरव." तीन दिवस मी तो खिशात घेऊन हिंडलो. तीन दिवस! आज सत्तरीत हे लिहिताना माझी मूठ वळते, आणि ती साहेबांवर उगारावी की स्वतःवर हे मला अजून कळत नाही.

चौथ्या दिवशी तो कागद आणि माझ्या सहीचा जबाब मी मुख्य व्यवस्थापकांच्या हातात दिला. चौकशी झाली. तिचा निष्कर्ष 'अपघात' असा निघाला. चिन्नप्पाला कायम केलं, पण हत्यारखान्याच्या खिडकीवर, पाने-हातोडे द्यायला. राज्याचा संघ त्याच्याशिवाय गेला. साहेबांचं काही बिघडलं नाही. अण्णांना मात्र संघापासून दूर केलं आणि 'शास्त्रशुद्ध' शिकवायला एक गृहस्थ आणले. ते दर शनिवारी सगळ्यांचे दंड टेपने मोजत.

अण्णा मला एवढंच म्हणाले, "तीन दिवस का लागले?" नंतर पुन्हा कधी विचारलं नाही. मी तालमीत जात राहिलो. ते मला हाकलत नसत, पण 'बीएस्सी' म्हणणं त्यांनी बंद केलं. माझ्या नावाने हाक मारत. त्याचा मार मोठा होता.

डॉक्टरांनी चिन्नप्पाला कधी काही उचलू नको असं सांगितलं होतं. अण्णांनी त्याला मातीवर उताणा झोपवून सुरुवात केली. नुसता श्वास, मग पाय, मग रिकामी काठी. महिना महिना एकाच जागी. मी एकदा म्हटलं, काट्यावर बघू या का? अण्णांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांनी एका संध्याकाळी चिन्नप्पाने गुंडू छातीपर्यंत आणला आणि ठेवला. अण्णा मातीकडे बघत होते. "सरी," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला गेले. बराच वेळ आले नाहीत.

साठच्या दशकाच्या मध्यावर अण्णा गेले. हृदय थांबलं. साहेब गाडीतून आले, हार घातला आणि 'आमच्या कारखान्याला बलवान करणारा माणूस' असं चार लोकांना ऐकू जाईल असं बोलून गेले. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. अण्णांच्या दारात आवाज चढवायचा नाही म्हणून गिळला.

तिरडीच्या पुढच्या उजव्या खांद्याला चिन्नप्पा होता. स्मशान लांब होतं. वाटेत दोघातिघांनी म्हटलं, बदल रे, तुझी कंबर. त्याने मान हलवली. शेवटी चौघे वाकले. बाकी सगळे अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी खाली बघत होतो. बांबू जमिनीला टेकले, आणि पायाजवळचं सुकं पानसुद्धा वाजलं नाही.