रूपेशची उंच जीप

शेणव्याच्या रूपेशला जीप चालवण्यापेक्षा तिला टेकून उभं राहण्याची हौस जास्त. म्हशाच्या जत्रेत मिरवायचं म्हणून त्यानं जुन्या जीपला उंच स्प्रिंगा बसवल्या. जीप उंच झाली आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडं राहू लागलं. स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा रॉड तिरका झाला होता, त्याची लांबी जुळवायला हवी होती. पण त्यासाठी जीपखाली झोपावं लागतं. ते या राजाला कसं शोभणार? त्यानं स्टेअरिंगच उपटलं आणि सरळ करून पुन्हा ठोकलं.

"झालं सेंटर!" तो बायकोला म्हणाला.

"चाकांना सांगितलाव का?" दीप्तीनं विचारलं.

वरून सरळ दिसणारं स्टेअरिंग आतून मात्र अजून एका बाजूलाच फिरलेलं होतं; म्हशाच्या वाटेवर उजव्या वळणाला ते मध्येच अडलं. जीप वळेना, रस्त्यात आडवी झाली. मागे बैलांचे टेम्पो खोळंबले.

"रणगाडा आनलाय, पन वळवता येत नाय!" एक बैलवाला ओरडला, तसा सगळा रस्ता हसला. रूपेशनं काळा चष्मा लावला, जणू चष्म्याआड तो कुणाला दिसणारच नव्हता.

घरी आल्यावर दीप्तीनं जीपखाली गोणपाट टाकलं. "शिरा आत."

त्यानं स्टेअरिंग मुकाट्यानं जुन्या खाचेत बसवलं, चाकं सरळ केली आणि खाली शिरून रॉडची लांबी कमीजास्त करणारी नळी फिरवू लागला. तसतसं वर स्टेअरिंग सरकत होतं.

"अजून थोडा... बास!" दीप्ती वरून म्हणाली.

जीप सरळ धावू लागली. दुसऱ्याच दिवशी रूपेश नाक्यावर पोरांना सांगत होता, "स्टेअरिंगचं काम शिकायचं तर माझ्याकडं या."