शालनताईंची गौर आणि माझा एक फोन

शालनताई गेल्याला आता सव्वा महिना झाला. त्यांच्या मुलाचा, सुनीलचा, त्या दिवशी सकाळीच फोन आला. "बाई, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ पलीकडून दवाखान्यातल्या ट्रॉलीची खडखड तेवढी ऐकू येत राहिली... चारच दिवसांपूर्वी मी मिरजेला जाऊन त्यांना बघून आले होते. हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, पण तोंडावर तरतरी होती. मी नेलेली मोसंबी बघून म्हणाल्या, "आवं बाई, ह्यापरीस तळल्याली मिरची आणायची की एक. हितलं जेवान म्हंजी नुसतं गिळायचं." मी त्यांना दटावलं. माझी सगळी नोकरी पोरांना दटावण्यात गेली, ती सवय आता सुटायची नाही. त्यांना जाऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर जो तो त्यांच्या मोठ्या मनाबद्दल बोलायला लागला. ते खरंच आहे. पण मला शालनताईंबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि ते काही फार चांगलं नाही.

मलकापुरात आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. मी शाळेत गणित शिकवायचे, आमचे हे बँकेत. पलीकडे शालनताई आणि त्यांचे यजमान तात्या. तात्या फौजेतून निवृत्त झालेले, गावाकडं ऊस, आणि एकुलता एक मुलगा सुनील, तोही फौजेतच. मी वेळापत्रकावर जगणारी बाई, आणि शालनताईंना कुठलाही नियम दुसऱ्या कुणासाठी तरी केलाय असंच वाटायचं. कॉलनीनं 'येथे वाहने लावू नयेत' अशी पाटी लावली, तर त्यांनी तिच्यावर गोधडी वाळत घातली. मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्या आमटीची चव बघायच्या आणि न विचारता मीठ टाकायच्या. मी चिडायचे. पण गणपतीत गौरी बसल्या की त्यांच्या घरी सवाष्ण म्हणून मी ठरलेली. पहिला पाट त्यांच्या नणंदेचा, सांगलीच्या कमलताईंचा, कारण ती त्या घरची लेक. दुसरा पाट माझा. लग्न होऊन मलकापुरात आल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

मग कोरोनाचं पहिलं वर्ष आलं. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना लागण झाली तर आमच्या हातात काही नाही. त्या दिवसापासून मी घराचा किल्ला केला. दुधाची पिशवी साबणानं धुवायची, भाजी मिठाच्या पाण्यात, वर्तमानपत्र बंद, दाराला आतून कडी. लेकीला पुण्याहून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. गौरी आल्या तेव्हा नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती, की घरच्या घरी पूजा करा, कुणाला जेवायला बोलावू नका. आणि भिंतीपलीकडं... सकाळपासून मोटारसायकली येत होत्या. सुनील दीड वर्षानं रजेवर आला होता. त्याच्या डाव्या हातावर चौदा दिवस घरात थांबण्याचा शिक्का मी माझ्या खिडकीतून बघितला, आणि त्याच हातात परात धरून तो पंगतीत पुरणपोळ्या वाढत होता. कुणाच्या तोंडाला फडकं नाही, पोरीबाळी एकमेकींच्या गळ्यात, हसणं-खिदळणं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आम्ही इथं जीव मुठीत धरून बसलोय, आणि ह्यांना सण सुचतोय.

शालनताईंनी भिंतीवरून हाक मारली, "बाई, ताट वाढून ठिवलंय, या की." मी खिडकीतूनच म्हणाले, "ह्यांना काही झालं तर तुम्ही येणार आहात का निस्तरायला?" त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "आवं, गौर वर्सातनं एकदा येती. पोरगं दीड वर्सानं आलंय. त्येला काय खोलीत कोंडून घालू व्हय?" मी खिडकी लावून घेतली आणि त्याच हातानं फोन उचलला. नगरपालिकेनं तक्रारीसाठी नंबर दिला होता. पत्ता सांगितला, माणसं किती तेही सांगितलं, आणि शिक्का मारलेला मुलगा पंगतीत वाढतोय हे तर दोनदा सांगितलं. नाव गुप्त राहील ना, एवढं मात्र विचारून घेतलं.

अर्ध्या तासात गाडी आली. वाढून झाल्यावर सुनील नुकताच जेवायला बसला होता, त्याला पानावरून उठवलं. तो काही बोलला नाही, शिस्तीतला मुलगा, हात धुऊन गाडीत जाऊन बसला. बायका पदर तोंडावर घेऊन भराभर निघून गेल्या. शालनताई फाटकात उभ्या होत्या, हातात तुपाची वाटी तशीच. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच बरं वाटलं. सुनीलला एका वसतिगृहात ठेवलं. त्याची रजा तिथंच संपली आणि तिथूनच तो परस्पर स्टेशनवर गेला. त्या दिवसांत रोज बारा वाजता तात्या स्कूटर काढायचे, मागं शालनताई मांडीवर डबा घेऊन. डबा फाटकाशी ठेवायचा आणि रस्त्याच्या पलीकडून बोलायचं, एवढीच परवानगी होती. परत आल्यावर त्यांचा आवाज बसलेला असायचा, लांबून ओरडून बोलल्यामुळं असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दिवाळीला आमची लेक आली. 'येऊ नको' म्हणणारी मी, पण ती फोनवर रडली आणि मी विरघळले. तपासणी नाही, शिक्का नाही, काही नाही. ती गाडीतून उतरताना शालनताई दारात रांगोळी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "लेक आली व्हय? बरं झालं. घर कसं भरल्यावानी दिसतंय." जरा वेळानं त्यांनी भिंतीवर करंज्यांचं ताट ठेवलं आणि लांब सरकून उभ्या राहिल्या, माझी भीती सांभाळायला. त्या करंज्या लेकीनंच खाल्ल्या, मी हात लावला नाही. आमच्या ह्यांना कोरोना शेवटपर्यंत झालाच नाही. ते गेले दीड वर्षानं, किडनीनंच. ते गेले त्या दिवशी मला धरून बसलेल्या होत्या शालनताई.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या गौरीला मी दार लावून घरात बसले होते. आता मी कसली सवाष्ण, आणि कुणी बोलवायची अपेक्षाही नव्हती. शालनताई मागच्या दारानं आल्या, नेहमीसारख्याच, आणि हाताला धरून मला घेऊन गेल्या. बसवलं ते थेट पहिल्या पाटावर. बायकांत कुजबुज झाली, एक म्हातारी तर तोंडावरच बोलली. शालनताईंनी पोळीवर तूप सोडता सोडता म्हटलं, "गौर माझ्या घरची हाय. कुणाला बसवायचं त्ये मी बघीन." जन्मभर ज्या बाईच्या नियम मोडण्यावर मी नाक मुरडलं, तिनं त्या दिवशी सगळ्यांदेखत माझ्यासाठी एक मोडला. आत्ता सांगावं, की तो फोन मी केला होता... असं अगदी ओठावर आलं. पण बायका होत्या, गौर होती, मी म्हटलं उद्या सांगू. तो उद्या मी पुढची चार वर्षं ढकलला. त्या दिवशी एवढं मात्र विचारलं, की कमलताई नाही आल्या? "गुडघं दुखत्यात तिचं," शालनताई म्हणाल्या आणि आत गेल्या. दर वर्षी गुडघेच दुखत होते, आणि मीही दर वर्षी तेवढंच ऐकून गप्प बसत होते.

शालनताईंच्या तेराव्यानंतर सुनील परत निघायचा होता. मी त्याला चहाला बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. आईला सांगायचं राहिलं, निदान मुलाला तरी सांगावं. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमी केल्ता व्हय तो फोन... आमी समदी आत्याला धरून बसलो." मला कळेना. त्यानं मग सांगितलं. त्या सकाळी कमलताई सांगलीत अडकल्या होत्या, जिल्ह्याबाहेर जायला पास मिळाला नव्हता. फोनवर वहिनीवर भडकल्या, की गाव गोळा करून जेवायला घालताय आणि घरची लेकच तेवढी नको, थांबा, पोलिसांनाच कळवते. रागातलं बोलणं. आणि दुपारी गाडी आली. "आत्यानं देवाची आन घेतली, पोराच्या डोस्क्यावर हात ठिवला, पर आईनं ऐकलं न्हाई. परत तिच्याशी बोलली न्हाई. दवाखान्यात न्हेलं तवा मी इचारलं, आत्याला कळवू का? म्हणली, नगं." मला अंत्ययात्रेतल्या कमलताई आठवल्या. लांब उभ्या होत्या, पाणीसुद्धा न पिता गेल्या होत्या.

जाताना सुनील दारात थांबला. "तुमच्यावर राग न्हाई, बाई. तुमच्या घरात आजारी माणूस हुतं, माझ्या हातावर शिक्का हुता. चूक आमचीच. पर तवाच सांगितलं असतं, तर आईनं चार दिस तुमाला शिव्या घातल्या असत्या आणि इसरून गेली असती." मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि बाई, गौर उतरल्यावर आई तुमाला गौरीच्या अंगावरची साडी द्यायची ना... ती आत्याची असती. लेकीचा मान." हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या माहेरीही तशीच रीत आहे. पण शालनताई घडी हातात द्यायच्या, "न्हेसा, न्हाईतर ठिवा, पर घ्या," म्हणायच्या, आणि एकट्या पडलेल्या माणसाला कुणी काही दिलं की तो ते कुणाचं आहे हे विचारत नाही.

गेल्या सोमवारी मी त्या चार साड्या पिशवीत घालून सांगलीला गेले. कमलताईंचं घर पेठेत, खाली हळदीची वखार, वर त्या. दार उघडायला त्या स्वतः जिना उतरून आल्या, चांगल्या तुरूतुरू. मी बसायच्या आत सांगितलं. बसून सांगायची माझी हिंमत नव्हती. त्या ओरडतील, हाकलून देतील, अशी तयारी करून गेले होते. त्यांनी साड्या मांडीवर घेतल्या. शालनताईंनी प्रत्येकीच्या पदराला हळदीकुंकू लावलेलं, त्याचे डाग तसेच होते. "पाच वर्सं मी आना घेतल्या," त्या म्हणाल्या, "कुणी ऐकलं न्हाई. आता तुमी सांगताय, तर ऐकायला ती कुठं हाय?" मग साडीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "तुमी गेल्तासा ना मिरजंला? माझं नाव तरी काढलं का तिनं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. एक शब्द बोलले असते तर त्या बाईला केवढा आधार झाला असता. पण माझ्या गप्प बसण्यानं व्हायचं तेवढं झालं होतं, त्यात आणखी खोट्याची भर नको. "नाही," मी म्हणाले, "नाव नाही काढलं." आणि हे म्हणताना मला एक गोष्ट आठवली, जी त्या दिवशी मी घरी येईपर्यंत विसरूनही गेले होते. मिरजेला मी निघायला उठले तेव्हा शालनताई खिडकीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, हितनं सांगली किती लांब वो?" मी पर्स शोधत होते. म्हटलं, वीस मिनिटं, रिक्षानं. का हो? "काय न्हाई," त्या म्हणाल्या, "आसंच." आणि मी एस.टी. चुकेल म्हणून निघाले...

ते मी कमलताईंना जसंच्या तसं सांगितलं. "वीस मिन्टं," त्या म्हणाल्या. मग मांडीवरची वरची साडी उलगडून त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मला हातानंच, जा म्हणून खूण केली.