हिरव्या साड्यांचं जेवण

मार्चातली सकाळ अजून गार होती. बांधावरच्या मोहाखाली फुलं टपटप पडत होती आणि संघप्रिया सासूसोबत ती वेचत होती. हात फुलांत, जीव मात्र दुपारच्या जेवणात. आज दोघी मैत्रिणी यायच्या होत्या.

"आई, मटणात मिरची-मसाला काईच नाई टाकायचा बरं. कांदा, आलू, गाजर, मीठ आनं मिरे. बस."

कांताबाईनं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं माय," म्हणाली आणि गालातल्या गालात हसली.

लग्नाआधी संघप्रिया तीन वर्षं आयर्लंडात नर्स होती. परतल्यावर सावली गावानं तिला दोनच गोष्टी विचारल्या, पगार किती आणि थंडी किती. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात खोलीत एकटी रडायची, तेव्हा घरमालकीण नोराम्हातारीनं तिला चुलीपाशी बसवून हेच पांढरं मटण खाऊ घातलं होतं. ते कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं कसं? म्हणून आज, तिथल्या संत पॅट्रिकच्या सणाला, ते ताटात वाढायचं तिनं ठरवलं. त्या दिवशी तिकडे सगळे हिरवं घालतात, म्हणून मैत्रिणींना निरोप धाडला, "हिरव्या साड्या नेसून या."

सोबतच्या तिथल्यासारख्या पावाला भट्टी कुठली? सोडा घालून ताकात मळलेला गोळा तिनं केळीच्या पानात गुंडाळला आणि पानग्यासारखा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसला.

दुपारी तळ्यावर मासोळ्या धरणाऱ्या घरची आचल आली, मागून अंगणवाडीतली रोशनी. दोघी हिरव्यागार. आचलच्या हातात हिरव्या बांगड्या, रोशनीच्या पिशवीत चिंच, कैऱ्या आणि एक इवलंसं झबलं.

"हे कोणाचं वं?"

"कोणाचं म्हणजे? तुह्या पोटातल्याचं!"

"माह्या पोटात काई नाई!"

"हिरवी साडी नेसून जेवायले या म्हणते, मिरची सोसत नाई म्हणते," आचलनं कमरेवर हात ठेवले, "हे डोहाळजेवण नाई तं काय हाय? आमच्यापासून काऊन लपवून राह्यली?"

"मिरची सोसत नाई, हे कोण म्हणलं?"

तिघींच्या नजरा चुलीकडे वळल्या. कांताबाई फुंकणीनं उगाच फुंकत होती. "मी कोणाले नाई सांगितलं. फक्त आचलच्या सासूले."

"मंग झालं! साऱ्या मोहल्ल्याले पुरलं!" रोशनी हसता हसता भिंतीला टेकली.

संघप्रियाही हसली, पण वाढताना तिच्या मनात आलं: आता या पांढऱ्या रश्श्याची नुसती थट्टा होणार. जेवून जातील, झबल्याची गोष्ट गावभर सांगतील, आणि नोराचं सांगायचं राहूनच जाईल.

आचलनं पाव बुडवून घास घेतला आणि वाटीकडे बघत राहिली.

"काऊन? आवडलं नाई?"

"तसं नाई वं. तापात माय मले मासोळीचं असंच अळणी पाणी पाजे. मांडीवर घेऊन." तिनं स्वतःच वाटी पुन्हा भरली. "तिकडं तुले हे कोणं चारलं?"

संघप्रियानं हातातला घास ताटात ठेवला.

"नोरा नाव तिचं," ती म्हणाली. "कावळ्याशी भांडे. रोज. मी रडली का मलेबी तसंच खेकसे, आनं मंग अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून देये."

"अवं, मंग आमच्या चुलतसासूसारखीच!" रोशनी म्हणाली. "तिले पोरंबाळं होते का?"

एकातून एक निघत गेलं, भांड्याचा तळ लागला. कांताबाईनं मात्र गुपचूप ठेचा घेतला होता.

"झबलं वापस नेऊ का, काकू?" जाताना रोशनीनं विचारलं.

"राहू दे पेटीत," कांताबाई म्हणाली. "लागन कधी."

आचलनं बांगड्या संघप्रियाच्या हातात चढवल्याच. "नोराच्या सणाच्या समज. बाकीचं उद्या तळ्यावर सांगजो."

अंगणातली मोहफुलं वरून सुकली होती, खालून ओली. संघप्रियानं पदर खोचला आणि किणकिणत्या हातांनी ती उलथीपालथी करायला बसली.