सात नंबरचा खुंट

माघ वद्य द्वितीया, मंगळवार, सकाळची सुकती. उपस्थित : मुंबईच्या संस्थेतल्या संशोधक अनघाताई, रोह्याच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सर, वनरक्षक, खारबांधाच्या गावसमितीचे दोघे, आणि या सगळ्यांना एका वेळी एका बांधावर आणून उभं करण्याचं काम जिच्याकडे आहे ती मी.

त्या सकाळी वहीत एवढंच लिहिलं. पण ते पान उघडलं की आधी अक्षरं दिसत नाहीत, वास येतो. कोपऱ्यावर चिखलाचा एक ठिपका वाळून बसलाय, त्याचा. ओहोटीला, म्हणजे आमच्या भाषेत सुकतीला, पाणी मागे सरलं की कासू गावाच्या पलीकडची खाडी जो वास सोडते तो : थोडा मिठाचा, थोडा कुजक्या पानांचा आणि थोडा काहीतरी नुकतंच जन्मल्याचा. पेणला लहानाची मोठी झाले, तेव्हा आमच्या घरी या वासाला नाक मुरडत. आमची शेतं खाडीपासून लांब, गोड्या पाण्याची. पन्नाशीजवळ आल्यावर मला कळलं, की हा दुर्गंध नव्हे, हा श्वास आहे. आणि श्वासाचा वास घ्यायला माणसाला जवळ जावं लागतं.

काम तसं साधं होतं. बांधाबाहेर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडी जिथं दाट आहे तिथं भरतीबरोबर किती गाळ येऊन बसतो, हे मोजायचं. गाळ बसला तर तिवरं वाढतात, तिवरं वाढली तर लाटेचा जोर मोडतो, जोर मोडला तर बांध टिकतो आणि बांधामागची भातशेती खारी होत नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर आम्ही बारा खुंट रोवले. प्रत्येकावर मापाच्या रेघा, वर लाल रंग, नंबर. त्याआधी मी तीन महिने परवानग्या गोळा करत होते. वनखातं, संस्था, कॉलेज, पंचायत. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण केली, तेव्हा मला जी तृप्ती वाटली ती लिहायलाही लाज वाटते. यादी पूर्ण झाली की जग पूर्ण झालं असं वाटणारी माणसं असतात ना? त्यांतली मी.

आणि बारा खुंटांत सात नंबर आमचा लाडका. तिथला गाळ इतर खुंटांपेक्षा शांत बसत होता. निवट्या तर अशा, की त्या ओल्या चिखलावर उड्या मारणाऱ्या माशांनी जणू जत्राच भरवली होती. अनघाताईंनी टिपणात लिहिलं होतं, ‘माणसाचा वावर नाही, आदर्श जागा.’ त्या द्वितीयेला आम्ही बांधावर उभे राहून सात नंबरकडे असं कौतुकानं पाहत होतो, जसं एखाद्याच्या हुशार लेकराकडे पाहावं.

बांधावर बायकांचा एक घोळका होता. सुकती लागली की या बाया टोपल्या घेऊन चिखलात उतरतात आणि बिळांत हात घालून निवट्या, चिंबोऱ्या काढतात. एकेक करत सगळ्या उतरल्या. एक मात्र टोपली पालथी घालून तिच्यावर बसून राहिली. साठीच्या पुढची, हाडाची काटक. मी आपली विचारायचं म्हणून विचारलं, “मावशी, तुम्ही नाही उतरत?”

“कुठं उतरू गो बाय? माझे जागंत कोनी खुंट मारलाय.” तिनं हनुवटीनं सात नंबर दाखवला. “दिवालीपासून वाट बघतंय, तो मानूस येईल, जालं लावंल. येतच नाय मेला!”

खालून एकीनं चिखलातूनच सूर लावला, “हिराबाय, तुझी जागा राखून ठेवलीय त्यानं. येईल वरात घेऊन!” सगळ्या खिदळल्या. हिराबाईही हसली. मी हसू शकले नाही.

कारण मला आता कळत होतं. या खाडीत खुंट म्हणजे शब्द. जिथं कोणी जाळ्यासाठी खुंट रोवला, तिथं दुसऱ्यानं हात घालायचा नाही. भांडायचं नाही, उपटायचा नाही, फक्त त्या माणसाची वाट पाहायची. कुठल्या कार्यालयात हा नियम नोंदलेला नाही आणि म्हणूनच बहुधा तो अजून पाळला जातो. चार महिने एक बाई रोज टोपली घेऊन येत होती, आपल्याच जागेकडे बघत होती आणि कोणा अनोळखी माणसाच्या शब्दाला मान देऊन रिकामी परतत होती. आमची आदर्श जागा निसर्गानं राखलेली नव्हती. ती हिराबाईनं राखलेली होती!

“मावशी, तो माणूस मीच,” मी म्हटलं.

तिनं माझ्या गमबुटांकडे पाहिलं, मग वहीकडे. “तू? आनि जालं कुठाय तुझं?”

“जाळं नाही. आम्ही चिखल मोजतो.”

“चिखल मोजतंस!” तिनं आकाशाकडे हात केले. “एवढी शिकून?”

अनघाताई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. खुंट काढला तर चार महिन्यांचं मोजमाप वाया जाणार. ठेवला तर या बाईच्या ताटातलं कालवण जाणार. तरी त्या म्हणाल्या, “आत्ता काढतो आम्ही.” माणूस मोठा कधी होतो, हे मला नेहमी अशा छोट्या वाक्यांत दिसलं आहे.

हिराबाईनं बांधामागच्या शेतांकडे पाहिलं. मग म्हणाली, “काढू नुको. मागं बांद फुटला तवा माझा शेत खारा झाला, तीन वरसं भात नाय. मोज तू. पन माझी खून बांदतंय त्याला.” आणि तिनं लुगड्याच्या जुन्या काठाची एक हिरवी पट्टी फाडली, गुडघाभर चिखलातून चालत जाऊन आमच्या लाल खुंटाला घट्ट गाठ मारली, आणि तिथंच वाकून पहिल्या बिळात हात घातला. त्या हाताला चार महिन्यांची ओढ होती. पहिली निवटी हाती आली तेव्हा तिनं ती आम्हाला उंच धरून दाखवली.

परतताना वडखळच्या नाक्यावर चहा घेतला. अनघाताईंनी टिपणातलं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘जागा हिराबाईंची. आजपासून वावर सुरू.’ मीही वहीतल्या उपस्थितांत एक नाव वाढवलं. खरं तर ते सर्वांत वर हवं होतं, पण वर जागा उरली नव्हती.

बांधावरून निघताना मी हिराबाईला विचारलं होतं, की बाकीच्या खुंटांचं काय, त्या जागा कोणाच्या? ती म्हणाली, “मी कशाला सांगू? खुंट मारतो त्यानं इचारायचं असतं. बांदावर उभं र्‍हायाचं नि हाक द्यायाची : हा खुंट माझा, जागा कोनाची?”

तेव्हापासून वहीला हा वास आहे, आणि त्या पानावर शेवटची ओळ आहे, ‘उरलेले अकरा खुंट, अकरा हाका’; तिच्यापुढे अजून बरोबरची खूण नाही. पत्रं लिहायला सरावलेला माझा आवाज खाडीपार पोचेल का, कोणास ठाऊक. अमावास्येच्या सुकतीला बांधावर उभं राहून अकरा वेळा हाक द्यायची आहे.