झाडपाल्याला काय मोजायचं!

माझ्या मामाचं सगळं आयुष्य लोकांच्या पायाशी गेलं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान आहे. बुटांच्या दुकानात तो विक्रेता आहे. बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाची टाच तळहातावर घ्यायची, बुटाच्या पुढच्या टोकाला अंगठ्याने दाबून बघायचं आणि निकाल द्यायचा, "हा नको. अर्धा नंबर मोठा आणतो." स्वतःच्या शब्दावर एवढा विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मामी म्हणते, पहिल्या भेटीत त्याने तिच्या चेहऱ्याआधी तिच्या चपला बघितल्या होत्या.

मामाला रक्तदाब आहे. त्याची गोळी तो मामीच्या धाकाने घेतो, तीही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. का, तर ते रसायन! पण पित्तावर म्हणून एका गिऱ्हाइकाने त्याला ज्येष्ठमधाच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आणि मामा त्या बाटलीच्या प्रेमातच पडला. वर हिरवं पान, खाली 'शंभर टक्के नैसर्गिक'. रोज एक घ्या, असं बाटलीवर स्वच्छ छापलं होतं. मामा सकाळी दोन घ्यायचा, जेवणावर दोन, आणि घसा खवखवला तर मधेच एखादी.

"अहो, लिहिलंय त्यापेक्षा जास्त होतंय," मामी म्हणाली.

"झाडपाल्याला काय मोजायचं? तू कोथिंबीर मोजून घालतेस?"

पित्त गेलं, हे मात्र खरं. तिथेच घात झाला. गुण आला म्हटल्यावर मामा गावभर वाटत सुटला. दुकानाच्या मालकाला बाटली, शेजाऱ्यांना बाटली आणि माझ्या आईला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, दोन बाटल्या. आईच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात, त्यावर तिचं औषध चालू आहे. "मग तुला तर हे हवंच," असा मामाचा निर्णय. प्रत्येक फोनवर तो विचारायचा, "घेतेस ना?" आणि आई म्हणायची, "घेते की, दादा."

पुढे मामाचे बूट आवळायला लागले. दुसऱ्या कोणाच्याही मनात आलं असतं, की पाय सुजले. मामाच्या मनात आलं, की कारखान्याने साचे बदलले. "चामडं वाचवतायत, चोर लेकाचे!" त्याने नवा जोड घालून बघितला, तोही आवळला. झालं, त्याची खात्रीच पटली. मग त्याला गिऱ्हाइकांची दया आली आणि ज्याला त्याला तो एक नंबर मोठा बूट द्यायला लागला. "सध्या माल लहान येतोय, माझं ऐका." लोक बिचारे ऐकायचे. एका शिक्षिकाबाईंचा बूट रस्ता ओलांडताना मागेच राहिला आणि बाई पुढे गेल्या. एका गृहस्थाने धावत बस पकडली, पण एकाच बुटानिशी. परत आलेल्या खोक्यांची चळत काउंटरवर उभी राहिली तेव्हा मालकाने कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही बूट विकताय की होड्या?"

"साचा तपासा," मामा म्हणाला. ऐकतोय कोण!

इकडे रक्तदाब उतरायचं नाव घेईना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. दर वेळी विचारायचे, "आणखी काही औषध चालू आहे?" मामा छाती काढून सांगायचा, "छे!" तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या लेखी ते औषधच नव्हतं. मामीलाही सुचलं नाही, कारण बाटली औषधांच्या डब्यात नव्हती, स्वयंपाकघरात मिठाशेजारी होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर एखाद्या दिवशी जिवावर बेतेल. मामीच्या तोंडचं पाणी पळालं. मामाचा खुर्चीत जरा डोळा लागला, तरी ती त्याच्या नाकासमोर बोट धरून बघायची.

आणि एके दिवशी दुकानात, एका गृहस्थाचा पाय हातात असताना, मामाला स्टुलावरून उठताच येईना. पायांत त्राणच नव्हतं. तो पाय काही सोडेना, तेव्हा ते गृहस्थ पार ओशाळले. "अहो, असं काय करताय, घेतो मी बूट!" मालकाच्या लक्षात आलं आणि त्याने मामाला गाडीत घालून इस्पितळात नेलं.

मामीचा फोन आला तशी मी धावले. मामाच्या छातीला तारा लावलेल्या, चेहरा पांढराफटक. रक्तात पोटॅशियम फार कमी झालं होतं. समोर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा घसा पुरता बसलेला.

"दुसरं काही घेता?" त्यांनी विचारलं.

"छे!"

बाई खोकल्या. मामाला राहवेना. पडल्या पडल्याच त्याने शर्टाच्या खिशातून दुकानासाठी ठेवलेली बाटली काढली. "घशाला हे घ्या, डॉक्टर. दोन घ्या. मी रोज घेतो."

बाईंनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि खुर्ची ओढून बसल्याच. "काका, तुमचा दाब चढतोय तो यानेच. पाय सुजले तेही यानेच, आणि पोटॅशियमही यानेच गेलं. आमच्या गोळ्या दाब खाली आणतायत आणि तुम्ही तो वर ढकलताय. असंच चालू राहिलं असतं तर हृदय बंद पडलं असतं."

"पण हे नैसर्गिक आहे हो."

"धोतऱ्याचं बीही नैसर्गिकच असतं. खाता का?"

मामी आधी रडली आणि मग तिने मामाला असा झाडला, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. मामा मात्र काहीच ऐकत नव्हता. तो बाईंकडे टक लावून बघत होता.

"हृदयाचं औषध घेणाऱ्याने हे घेतलं तर?"

"त्यांना तर जास्तच धोका."

मामाने फोन मागितला. नंबर मीच लावला. आईचा आवाज आल्याबरोबर तो ओरडला, "चिमे, ती बाटली बंद कर! आत्ताच्या आत्ता! किती खाल्ल्यास?"

मीही फोनला कान लावला.

"दादा," आई चाचरत म्हणाली, "रागावणार नाहीस ना?"

"अगं, बोल!"

"एकही नाही रे. तुझं मन मोडवेना, म्हणून आपली हो म्हणत होते. दोन्ही बाटल्यांचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही."

कोणी शब्द मोडला तर दोन-दोन दिवस फुगून बसणारा माझा मामा. फोन छातीशी धरून तो ढसाढसा रडला. मग नाक पुसलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"चिमे, फार चांगलं केलंस. माझं कधीच ऐकत जाऊ नकोस."