चालू करून दिलेला लॅपटॉप

एक प्रकरण आठवलं की आजही मी स्वतःवर चिडतो. खरं तर तपासात कुठेही कसर राहिली नव्हती.

मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. देवबागच्या एका बाईंचा लॅपटॉप चोरीला गेला. घरच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देत, त्याचं बुकिंग त्यावर चाले. मी कंपनी, रंग, अनुक्रमांक, सगळं विचारून फिर्याद नोंदवली. बाई सारखं म्हणत होत्या, "साहेब, तो मिळायलाच हवा." चोरी झालेल्या घरातला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. मी फारसं मनावर घेतलं नाही.

चौथ्या दिवशी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला. एक रंगारी लॅपटॉप घेऊन आलाय, पासवर्ड काढून द्या म्हणतोय. आम्ही दुकानात पोहोचलो, अनुक्रमांक जुळला. रंगाऱ्याने महिन्यापूर्वी बाईंचंच घर रंगवलं होतं.

चौकशीत आवाज चढवण्यापेक्षा साधा प्रश्न विचारावा, असा माझा अनुभव. मी विचारलं, "लॅपटॉप कोणाचो?"

"माझोच, सायबानु."

"मग चार्जर खंय?"

"घराक रवलो."

"चल तर, तुझ्या घराक जावया."

चार्जर बाईंच्या भिंतीला अजून लटकत होता. पाच मिनिटांत त्याने सगळं कबूल केलं. पंचनामा झाला, लॅपटॉप सीलबंद होऊन मुद्देमाल खोलीत गेला.

परत देण्याचा कोर्टाचा आदेश येईपर्यंत पावसाळा उलटला. देण्याआधी सुरू करून पाहिला, तर मध्येच बंद पडे आणि पुन्हा सुरू होई. मुद्देमाल जसा जप्त केला तसाच परत द्यायचा, हे मी हाताखालच्यांना बजावून सांगत असे. पण पोलिसांनी बिघडलेली वस्तू हातात ठेवली, असं कोणी म्हणायला नको होतं मला. त्याच दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

तो म्हणाला, "फॅक्टरी रीसेट केलो तर चलात. पण आतला सगळा जातला. काय ठेवचा आसा?"

"काय नको. नव्यासारखो कर."

बाईंना एक फोन करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वडिलांना घेऊन आल्या. वडील नावाजलेले तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. चोरीच्या आधीच अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. मी ऐटीत लॅपटॉप उघडून दाखवला. बाईंनी इथे बघितलं, तिथे बघितलं. ठाण्यात नेहमी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई एकदम म्हणाल्या, "सायबानु, बाबांचो आवाज खंय गेलो?"

मग कळलं. समुद्रात बुडालेले खडक नेमके कुठे, कोणत्या डोंगराचं टोक कोणत्या देवळाच्या कळसाशी जुळलं की जाळं उचलायचं, अशा आयुष्यभराच्या खुणा तांडेलांनी मुलीला सांगितल्या होत्या. तिने त्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या, आणि मोबाईल भरला म्हणून लॅपटॉपवर टाकल्या. मुंबईची नोकरी सोडून आलेला तिचा भाऊ त्या ऐकून होडी चालवायला शिकत होता. चोरी झाल्यापासून तो अंदाजाने जात होता, दोनदा जाळं खडकात अडकून फाटलं होतं.

दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट केली. हाती काही लागलं नाही.

मी बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. तांडेलांनी चालता हात माझ्या हातावर ठेवला आणि थोपटला. त्यांनी शिवी दिली असती तर मला सोसलं असतं.

फिर्याद घेताना मी वस्तू विचारली, आत काय आहे ते विचारलं नाही. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगतो, ते मान डोलावतात. त्या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती आणि रंगाऱ्याला शिक्षाही झाली. पण त्याला पासवर्ड तोडता आला नव्हता. दुकानातून लॅपटॉप जप्त केला, तेव्हा तांडेलांचा शब्द न् शब्द त्यात शाबूत होता.